सोमवारी सकाळी दहाची मारहाण

मारहाणीत जखमी होऊन जो कोणी अपघात विभागात येतो, त्याला नोंदणीच्या खिडकीवर आम्ही तीन प्रश्न जादा विचारतो. नेमकं कुठे झालं, कधी झालं, कशाने मारलं. 'कोणी मारलं' हे या यादीसाठी विचारायचं नाही. महिनाअखेरीस नाव-पत्ता काढून टाकलेली ही यादी पोलीस आणि शहर प्रशासन यांच्या बैठकीत जाते. कायद्याने पोलिसांना जे कळवायचं असतं ते वेगळ्या कागदावर जातंच. दोन्ही कागद एक केले की लोक 'जिन्यावरून पडलो' सांगायला लागतात, किंवा येतच नाहीत.

पद्धत आमची नव्हे. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की आपण ज्यांचे चेहरे शिवतो त्यातल्या बऱ्याच जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. तिथून हे सुरू झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं मासिक प्रमाण कार्डिफमध्ये लाखामागे ७ वरून ५ वर आलं होतं. तशाच इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं होतं.

आमच्याकडे मात्र काही हलत नव्हतं. नकाशावर बारच्या एका रांगेपाशी शनिवारच्या ठिपक्यांचा गठ्ठा होता, वेळ रात्री दोन ते साडेतीन. त्या वेळेत गस्त वाढवली, तरी गठ्ठा तसाच. 'या कागदांत दम नाही' असं बैठकीत कुजबुजायला सुरुवात झाली होती.

त्या सोमवारी मी यादी साफ करत बसलो होतो. तेवढ्यात एक तरुण उजवा हात सुजवून आला. मधल्या बोटाच्या पेरावर, म्हणजे मूठ वळल्यावर जे हाड वर येतं तिथे, जेमतेम अर्धा सेंटिमीटरची जखम. 'पडलो' म्हणाला. डॉक्टरांनी त्याला मूठ वळायला लावली आणि तशीच ठेवून जखम पाहिली. यात खोच आहे. समोरच्याच्या दातावर मूठ आपटते तेव्हा बोटं वळलेली असतात. नंतर हात उघडला की फाटलेला स्नायुबंध मागे सरकतो, वरची कातडी खोल भोकावर झाकण घालते आणि जखम फालतू दिसते. तोंडातले जंतू आत सांध्यात कोंडले जातात. म्हणून दाताचा तुकडा किंवा मोडलेलं हाड आहे का हे बघायला एक्स-रे, भरपूर धुणं, प्रतिजैविक, आणि टाका अजिबात नाही. शिवून टाकली की सांधा गेलाच म्हणायचा. हे रुग्ण मुळात येतातच उशिरा, ठणका लागल्यावर.

'कोणी' हा प्रश्न येत नाही म्हटल्यावर तो बोलला: शनिवारी रात्री साडेबारा, बारच्या मागच्या गाड्या लावायच्या जागेत, आधी बाटली, मग मुठी.

पाच मिनिटांनी त्याची ओळ माझ्या पडद्यावर आली. ठिकाण: रस्ता. वेळ: सोमवार, १०:०५.

सोमवारी सकाळी दहाला बारमागे मारहाण? खिडकीवर जाऊन विचारलं. वेळ संगणक आपली आपण भरतो, ती कोणी बदलतच नाही. म्हणजे आमची सगळी यादी मारहाणीची नव्हती, रुग्णालयात पोचण्याची होती. गस्त बरोबर तेव्हा जात होती जेव्हा जखमी आमच्या बाकावर बसलेले असत.

सरसकट दीड तास वजा करूनही भागलं नसतं. डोक्याला लागलेला लगेच आणला जातो. हाताला लागलेला आधी घरी जाऊन फडकं बांधतो, रक्त थांबेना की निघतो. परिचारिकांच्या टिपणांत 'तासाभरापूर्वी', 'जेवणानंतर' असं काहीबाही होतं, ते एकेक जुळवलं. गठ्ठा बारा ते सव्वाच्या दरम्यान सरकला, आणि मुख्य रस्त्यावरून मागच्या फाटकाशी गेला. तिथे दिवा नव्हता.

बाहेर त्या तरुणाचे दोन मित्र फोनवर माणसं गोळा करत होते. त्यांच्यासाठी वस्तीतल्या, त्यांच्या ओळखीच्या कार्यकर्त्याला बोलावलं. शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने हेच मांडलं: हिंसा साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा पुढचा संसर्ग आधी अडवा. पांढरा कोट घातलेल्याचं ती पोरं ऐकत नाहीत. जो स्वतः त्यातून गेलाय त्याचं ऐकतात. तो त्यांच्याशी दोन तास बोलत होता. काय बोलला ते आम्ही नोंदत नाही.

आपोआप भरणारी वेळ काढायला सांगितली. रकाना सक्तीचा मात्र केला नाही. सक्ती केली की घाईतला माणूस ००:०० ठोकतो आणि मध्यरात्री भलताच डोंगर उभा राहतो. त्याऐवजी अर्ध्या तासाचे पर्याय आणि 'सांगता येत नाही'. ठिकाणासाठी 'रस्ता' बाद. 'कशासमोर, कुठल्या बाजूला' असं विचारायचं.

पुढच्या शनिवारची पहिली ओळ: १२:३० ते १:००. मागचं फाटक, उजवी भिंत. बाटली. पोचला: २:२०.