गाडी न करता चेर्वो

इटली म्हटलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि वर चिंक्वे तेर्रे ही समुद्रकाठची पाच गावं, हा ठरलेला साचा. आमचा भाचा तूरिनच्या पॉलितेक्निकोत शिकतो. तो फोनवर म्हणाला, "मामी, चिंक्वे तेर्रेत तुम्हाला समुद्र कमी आणि लोकांच्या पाठी जास्त दिसतील. तुम्ही चेर्वोला जा." इटलीच्या लिगुरिया प्रांताच्या पश्चिमेकडे, फ्रान्सच्या सरहद्दीच्या अलीकडे, अगदी समुद्रालगतच्या टेकडीवर हे जुनं गाव आहे. नकाशात वाटतं, हात लांब केला की लागेल. पण भाड्याची गाडी घ्यायची नसेल तर थोडी खटपट आहे. आम्ही ठाण्याचे दोघं, साठीच्या आसपासचे, त्यात माझे गुडघे कुरकुरे. त्या हिशोबाने वाचा.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. फी माणशी 90 युरो, सेवाशुल्क निराळं, आणि प्रवासविमा किमान 30,000 युरोचा हवा. बोटांचे ठसे आधी दिलेले असतील तर 59 महिने चालतात. आमचा पहिलाच अर्ज, म्हणून दोघांनाही जातीने जावं लागलं. आमच्या बाबतीत वेगळं एवढंच की राहायची खोली गावातल्या एका बाईंच्या घरात होती, हॉटेलात नव्हे. त्यांच्याकडून ईमेलवर रीतसर पत्र मागवलं: पासपोर्टावर आहेत तशीच आमची नावं, तारखा, घराचा पूर्ण पत्ता, खाली सही. काउंटरवरच्या मुलीने गावाचं नाव दोनदा वाचलं, पण कागद ठेवून घेतला.

तूरिनहून साव्होना, तिथे गाडी बदलून व्हेंतिमिल्याच्या दिशेची लोकल. साव्होना सुटलं की डावीकडची खिडकी धरा. अलास्सिओ, लाइग्वेल्या या भागात रूळ समुद्राच्या इतके कडेने जातात की वाळूत पसरलेले टॉवेल मोजता येतात. आंदोरानंतर मात्र गाडी बोगद्यात शिरते आणि समुद्र संपतो. पूर्वी असं नव्हतं. 1872 साली सुरू झालेला जुना मार्ग किनाऱ्यानेच जात होता आणि चेर्वोचं स्टेशन गावाच्या पायथ्याशीच होतं. 11 डिसेंबर 2016 पासून हा टप्पा आतून, दुहेरी रुळांवर नेला आणि ते स्टेशन बंद झालं. गाड्या वेळेवर धावायला लागल्या असतील. पिशव्या घेऊन उतरणाऱ्याचं काय, हे कोणी विचारलं नसावं. आता दियानोला उतरायचं, वस्तीपासून आत, आणि पुढे बस.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लोकलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड. फोनवर काढलं असेल तर त्यातच चेक-इन करायचं. दुसरं बसचं. तिकीट तबाक्कीत, म्हणजे सिगारेट-लॉटरीच्या दुकानात मिळतं, आणि दुपारी ही दुकानं शटर ओढून जेवायला जातात. जाता-येताची तिकिटं एकदमच घेऊन ठेवलेली बरी. रविवारी बसचं वेळापत्रक वेगळं असतं, ते आदल्या दिवशीच बघा. बस आउरेलिया रस्त्याने जाते. थांब्यावर हात दाखवला नाही तर ड्रायव्हर सरळ पुढे जातो. ह्यांनी असा हात केला की आमच्यामागे उभ्या असलेल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

खरी परीक्षा बसमधून उतरल्यावर. गाव वर, आपण खाली, आणि मध्ये दगडी चढ. आतल्या गल्ल्यांत गाडी जाऊच शकत नाही. चाकाची बॅग त्या गोट्यांवर निव्वळ धोंडा होते. पाठीवरची सॅकच न्या. मी दर वळणावर टेकत, पाणी पीत चढले. घरमालकीण दारात उभी होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ. हसून स्वागत झालं आणि लगेच पासपोर्ट मागितले. त्यात घाबरण्यासारखं काही नाही: तिकडे मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाची नोंद घरमालकाला 24 तासांत पोलिसांकडे करावी लागते.

गल्ल्यांना इथे कारुज्जी म्हणतात. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील अशा कितीतरी. डोक्यावर समोरासमोरच्या घरांना जोडणाऱ्या कमानी. मला वाटलं शोभेच्या. पण त्या घरांना एकमेकांचा टेकू आहेत, भूकंपासाठी. 23 फेब्रुवारी 1887 च्या पहाटे हा सगळा किनारा हादरला. शेजारचं दियानो मारीना जवळजवळ जमीनदोस्त झालं आणि नव्याने वसवावं लागलं. पश्चिमेला सानरेमोजवळच्या बुस्सानाचे लोक तर गाव सोडून खाली राहायला गेले. ते पडकं गाव पुढे चित्रकार-शिल्पकारांनी धरलं.

संध्याकाळी सिन्योरांनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, ह्यांच्या बोटाकडे बघून विचारलं, "कोराल्लो?" ह्यांच्या हातात पोवळं आहे, मंगळासाठी, सासूबाईंनी घातलेलं. त्यावरून मी आजवर पुष्कळ चेष्टा केली आहे. बाईंनी ह्यांचा हात धरला आणि आम्हाला चर्चपाशी नेऊन उभं केलं. सान जोव्हान्नी बत्तिस्ता हे त्याचं नाव, पण गाव त्याला पोवळेवाल्यांचं चर्चच म्हणतं. 1686 मध्ये काम सुरू झालं. इथले दर्यावर्दी कॉर्सिका-सार्डिनियाकडे पोवळी काढायला जात आणि त्या कमाईतला वाटा बांधकामाला देत. पोवळं काढायचं साधन म्हणजे दोन लाकडी वासे फुलीसारखे बांधलेले, मधोमध वजन, टोकांना जाळ्यांच्या चिंध्या. ते होडीमागून खडकांवर फरफटत न्यायचं; फांद्या मोडतात आणि जाळ्यात गुरफटतात. तळाची पार वाट लागते म्हणून आता युरोपात त्याला बंदी आहे.

चर्चचा दर्शनी भाग आत झुकलेला आहे, समुद्राकडे तोंड करून ओंजळ धरावी तसा. फिकट रंग, चुन्याचं नक्षीकाम, पुढे पायऱ्या उतरत गेलेल्या. संध्याकाळचं ऊन सगळं त्यावरच पडतं. हे पायरीवर बसून अंगठीकडे बघत राहिले. भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं भारतात रोमन काळापासून येतंय. रोमनांना हिंदुस्थानी मोत्यांचं जेवढं अप्रूप, तेवढंच तिथल्या लोकांना पोवळ्यांचं, असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्यातल्या सारस्वत व्यापाऱ्यांना पोवळी पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. एकमेकांची तोंडं न बघता, नुसत्या पत्रांवर! ह्यांचं पोवळं कुठल्या समुद्रातलं हे ठाण्याचा सराफही सांगू शकणार नाही, पण त्या दिवसापासून माझी चेष्टा बंद आहे.

याच पायऱ्यांवर उन्हाळ्यात चेंबर म्युझिकचा, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताचा महोत्सव भरतो. हंगेरीचा व्हायोलिनवादक शांदोर वेग याने 1964 मध्ये सुरू केलेला. संगीतासाठी यायचं तर तेव्हाच या. शांतता हवी असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. आम्ही ऑक्टोबरात गेलो, गल्लीत आमच्याच चपला वाजत होत्या. वरच्या टोकाला क्लावेसाना घराण्याचा किल्ला, आत लोकजीवनाचं संग्रहालय. ठीक आहे. त्यापेक्षा मागच्या टेकडीवरच्या पाइनच्या झाडीत फिरणं मला जास्त आवडलं.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. फारिनाता म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं; कडा कुरकुरीत, आत मऊ. वर मिरपूड. मी ते रोज खाल्लं. टोमॅटोच्या जाड रोटीत मात्र बरेचदा मासे असतात, "अच्चूगे?" असं विचारून घ्या. पेस्तो ही बेसिलच्या पानांची चटणी, पण तिच्यातल्या चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, लागतं. कडक पाळणाऱ्यांनी ठरवावं. स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या आसपास बंद होतात आणि रात्री सातशिवाय उघडत नाहीत, म्हणून सोबत खाकरे असू द्या.

एका दिवसात वर जाऊन फोटो काढून परत येता येतं, पण मग गाव दुपारचं, झोपलेलं दिसेल. मुक्काम कराच. परतीचा थांबा रस्त्याच्या पलीकडे, टेकडीच्या अंगाला आहे. तिथेही हात दाखवावा लागतो, आणि ते काम मी ह्यांच्याकडेच सोपवलं होतं.