कुणीच नको म्हणालं नाही

रविवारी जेवताना सांगून टाकलं. फेब्रुवारीत गोव्याला, मांद्र्याला जाऊन काईटसर्फिंग शिकणार आहे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून समुद्रात घसरत जायचं. ह्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "जा की." मुलाने फोनवर एवढंच विचारलं, "आई, पॉलिसीत बसतं ना ते?" वन्सं म्हणाल्या, फोटो टाक. संपला विषय.

मी भांडायच्या तयारीत होते. हाडांची तपासणी करून रिपोर्ट फाईलला लावला होता. साठीच्या बायका आपल्याकडे साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढत हिल मॅरेथॉन पळतात, हा मुद्दा घोकून ठेवला होता. पन्नाशीत पोहायला शिकले, तेही काढणार होते. एकही वापरावा लागला नाही.

आयुष्यभर कुणी ना कुणी आडवं आलं. अण्णांनी माहुलीच्या घाटावर पाण्याच्या पायरीपुढे कधी जाऊ दिलं नाही, दादा मात्र नदीपार जाऊन यायचा. नंतर सासरी... जाऊ दे, वही पुरायची नाही. आणि आता कुणी अडवत नाही, तर मलाच चैन नाही. ही मोकळीक म्हणायची, की आता हिचं काय ते हिने बघावं? मुलगा तसा नाही, माहीत आहे मला. पण एकदा "नको गं आई" म्हणायला काय जात होतं त्याचं?

नको म्हणणारा एकच भेटला, तिथला शिकवणारा मुलगा. पहिल्या दिवशी पाण्यात नाही, वाळूवरच. एकटीने कधीच नाही. हेल्मेट आणि तरंगतं जॅकेट नसेल तर नाही. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर उतरायचंच नाही, काही बिनसलं तर माणूस आत आत जात राहतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून तिरका वारा सुटतो, तो चालेल. कमरेच्या पट्ट्यापुढे एक खटका असतो, तो पुढे ढकलला की पतंगाची ओढ जाते. डोळे मिटून तो हाताला सापडेपर्यंत पुढचं काही शिकवणार नाही म्हणाला. "काकू, वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते."

इतकं अडवल्यावर कसं बरं वाटलं! फोन ठेवून गुणगुणत पोळ्या लाटल्या.

पाण्यावर पडला तरी न बुडणारा, हवा भरायचा हा पतंग दोन फ्रेंच भावांनी काढला. पेटंटसाठी अर्ज केला १९८४ मध्ये. त्या साली माझं लग्न ठरत होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

असो. सरावाचा छोटा पतंग मागवलाय, दांडीला दोन दोऱ्यांचा. चाळकेवाडीच्या पठारावर वारा भरपूर, पण कड्यावर आपटून वर येणारा वारा सरळ नसतो, शिवाय पवनचक्क्या आणि तारा. म्हणून गावाबाहेरचं मोकळं मैदान. सोबत कुणी हवं म्हणून ह्यांना नेलं. ते कट्ट्यावर शब्दकोडं घेऊन बसले, मान खाली.

पतंग डोक्यावर असला की गप असतो. तोच समोर खाली येऊ लागला की खरी ओढ लागते. काल तो खाली येत असतानाच झोत आला आणि माझ्या बुटांनी मातीत दोन लांब रेघा ओढल्या. मागून आवाज, "सोड! दांडी सोड आधी!" क्रिकेट खेळणारी पोरं जागच्या जागी थांबली. दांडी सोडली, मनगटाच्या पट्ट्याला दोरी ताणली आणि पतंग चुरगळून खाली आला.

पोवई नाक्यापर्यंत गाडीत भांडण. माझं म्हणणं, मी सोडतच होते. ह्यांचं म्हणणं, उशीर झाला. दांडी सोडायची असते हे ह्यांना कुणी सांगितलं, विचारलं. तर म्हणे, तू टेबलावर कागद ठेवतेस तर माणूस वाचणारच.

आज सकाळी चहाच्या आधीच ह्यांनी मोबाईलवर वारा बघितला. झोत फार आहेत, आज मैदानावर जायचं नाही म्हणाले. मीही बघितला. बरोबर होते. तरी असा राग आला ना!