येऊर ते वज्रेश्वरी : ठाण्यातले माझे पहिले सहा महिने

ऑगस्टअखेरीस मिरजेहून ठाण्यात आले. टेम्पोत सगळ्यात वर सायकल बांधली होती: हायब्रिड, ३२ मिमी रुंदीचे टायर, मागे आठ गिअर. मिरजेत घरातून निघालं की दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना ऊस लागायचा. इथे पहिल्या रविवारी माजिवड्याच्या नाक्यावर उभी राहिले आणि कुठे वळावं तेच कळेना. एकीकडे नाशिक हायवे, एकीकडे घोडबंदर, समोर ईस्टर्न एक्सप्रेस, आणि सगळीकडे ट्रक. तशीच घरी परत आले.

आता फेब्रुवारी संपतोय. मीटरवर १,९२० किमी झालेत. नव्या शहरात, ओळखपाळख नसताना हे कसं जमलं ते लिहून ठेवतेय. पहाटे एकट्या बाहेर पडायला बिचकणाऱ्या बायकांनी तर नक्की वाचा.

सप्टेंबर

पाऊस होता आणि ओळखीचं कुणीच नव्हतं, म्हणून फक्त येऊर. उपवन तलावाकडून फॉरेस्टच्या चौकीपाशी यायचं आणि तिथून चढायचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच हा भाग. चौकी ओलांडली की घोडबंदरचा आवाज एकदम बंद होतो. चौकीपासून वरच्या पहिल्या टपरीपर्यंत पहिल्या दिवशी २४ मिनिटं लागली, तीनदा उतरले. पूर्ण उजाडल्याशिवाय जायचं नाही हे तेव्हाच ठरवलं. बिबट्याचं जंगल आहे, आणि सकाळी चालायला येणारी माणसं सोबतीला असली की बरं वाटतं.

ऑक्टोबर

एका मोठ्या ग्रुपबरोबर पहिली राइड. जायचं होतं नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला. पहाटे पाचला तीन हात नाका, तीसेक सायकली, मागे लुकलुकणारे लाल दिवे. इतकं छान वाटलं होतं! मेसेजमध्ये ‘नवीन लोक चालतील’ असं स्पष्ट लिहिलं होतं. कळवा पूल, विटाव्याचा बोगदा, आणि ऐरोली येईपर्यंत पुढचा शेवटचा दिवासुद्धा दिसेनासा झाला. रबाळ्याजवळ मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार घुसली होती. हायवेच्या कडेला चालवणाऱ्या सगळ्यांना ही तार माहीत असेल. डोळ्यांना दिसत नाही, टायरच्या आतून बोट फिरवूनच सापडते. ग्रुपवर मेसेज टाकला. अर्ध्या तासाने उत्तर आलं, ‘ट्यूब बदल आणि ये’.

फोनच्या उजेडात ट्यूब बदलली आणि घरी परतले. त्यांच्या वेगाचा मला राग नाही, जोरात चालवायचं असेल त्यांनी जरूर चालवावं. राग याचा की नवीन माणसाला बोलावलं आणि अंधारात मागे टाकलं. दोन आठवडे सायकलला हात लावला नाही.

ग्रुप शोधायची रीत मी त्यानंतर बदलली. मेसेज वाचून जायचं नाही, माणसं बघून जायचं. कोण कुठल्या ग्रुपबरोबर चालवतं आणि कोण स्वतःची सायकल नीट ठेवतं, हे सायकलच्या मेकॅनिकला पक्कं माहीत असतं. त्याला विचारलं. स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अॅपवर येऊरच्या चढाचा सेगमेंट उघडला, म्हणजे तेवढ्या पट्ट्यावरच्या सगळ्यांच्या वेळांची यादी. वरचे पहिले दहा सोडून दिले आणि माझ्या वेळेच्या आसपास दर शनिवारी कोणती नावं दिसतात ते पाहिलं. मग त्याच वेळी टपरीवर जाऊन चहा घेत बसले. तिसऱ्या शनिवारी चार-पाच जण स्वतःहून बोलायला आले. मी आधी विचारून घेतलं: सगळ्यात शेवटी कोण असतं? सरासरी वेग सांगता तो चहाचे थांबे धरून की सोडून? बायका येतात का, आणि एकदा आलेल्या पुन्हा येतात का? शेवटच्या प्रश्नाला त्यांच्यातलीच एक जण म्हणाली, “मी तीन वर्षं येतेय.” मला तेवढं पुरलं.

नोव्हेंबर

कोलशेत-ढोकाळी बाजूचा हा बारा-तेरा जणांचा ग्रुप. बँकेतून निवृत्त झालेले एक काका कायम स्वीपला असतात, म्हणजे सगळ्यात शेवटी. त्यांच्यामागे कुणी राहायचं नाही. पहिल्या राइडला मी सारखी वळून बघत होते. काका म्हणाले, “अगं, मागे काय बघतेस? मी आहे ना.”

ओळीत चालवायला इथेच शिकले. पुढचा ‘खड्डा!’ ओरडला की आपणही ओरडायचं, नाहीतर तो शब्द आपल्यापाशीच अडतो आणि मागचा आपटतो. अचानक ब्रेक मारायचा नाही. पुढच्याच्या चाकाकडे नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं. एकट्याने चालवताना यातलं काहीच कळत नाही.

येऊर: १८ मिनिटं, एकदा उतरले.

डिसेंबर, जानेवारी

मरीन ड्राइव्ह एकदा झाली. सायन, दादर, भायखळा, मग जेजे उड्डाणपुलाच्या खालून. जाऊन-येऊन ७० किमी, धोबी तलावला ब्रून मस्का. नव्या लोकांनी नकाशावर विसंबून जाऊ नये. ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू नकाशात मोकळे, सरळ दिसतात, पण दोन्हीकडे सायकल चालत नाही.

पाम बीच मात्र आता आमचा नेहमीचा रस्ता. वाशीच्या अरेंजा कॉर्नरपासून बेलापूरपर्यंत सपाट, साधारण दहा किमी. जानेवारीत नेरूळच्या बाजूला पाणथळीत रोहित पक्षी उतरलेले होते. आम्ही सगळे उतरलो आणि सायकली कठड्याला टेकवून बराच वेळ नुसते उभे राहिलो. रबाळ्यावरून जाताना माझा हात अजून आपोआप मागच्या खिशातल्या टायर काढायच्या लीव्हरकडे जातो.

फेब्रुवारी

वज्रेश्वरी. ठाणे, गायमुख, फाउंटन हॉटेल, वसईच्या खाडीवरचा पूल, शिरसाड फाटा, वज्रेश्वरी, आणि परतताना अंबाडी, भिवंडी. साधारण ९० किमी, माझी आजवरची सगळ्यात लांब राइड. पावणेपाचला निघालो, कारण उजाडल्यावर गायमुखच्या चढावर ट्रकच्या मधे सापडायचं नव्हतं. खाडीच्या पुलावर फटफटलं. शिरसाडला हायवे सोडला आणि एकदम गार वारा लागला, शेणाचा आणि जळत्या पाल्याचा वास आला. मला मिरजच आठवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, या शहरालाही एक कड आहे आणि तिथपर्यंत मी पायांनी येऊ शकते.

देऊळ किल्ल्यासारखं आहे. काकांनी पायऱ्यांवर बसून सांगितलं की वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला होता, आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर हे देऊळ उभं राहिलं. ज्या खाडीच्या काठी ती लढाई झाली तीच सकाळी ओलांडून आलो होतो. मग तानसा नदीकाठच्या गरम कुंडांजवळ जाऊन पाय शेकले. दोन राजगिऱ्याचे लाडू, उसळ-पाव, चहा.

परतीला अंबाडीनंतर रस्ता फार वाईट. ७० किमीनंतर हाताला मुंग्या आल्या आणि पाय रिकामे झाले. चूक माझी: देवळापाशी पोटभर खाल्लं आणि पुढे दीड तास काहीच तोंडात टाकलं नाही. आता हँडलच्या पिशवीत खजूर ठेवते आणि दर ४० मिनिटांनी, भूक असो वा नसो, दोन खाते.

येऊर, काल सकाळी: १५ मिनिटं ४० सेकंद, न उतरता.

पुढचं लक्ष्य २०० किमीचं ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत. त्याआधी ऊन वाढायच्या आत तानसा धरणापर्यंत एकदा जाऊन यायचंय. मेकॅनिक म्हणतो माझ्या फ्रेममध्ये ३५ चा टायर बसेल. भिवंडी-वाडा रस्त्यावर कुणी ३५ वर चालवलं असेल तर हवा किती ठेवली होती? माझं वजन ५८.