माकडांचा पंचनामा आणि सामायिक सातबारा

माकडांनी बागेची नासधूस केली तर सरकारकडून भरपाई मिळते. अर्ज वनखात्याकडे करायचा असतो आणि तिथे मला काडीचाही त्रास झाला नाही. सगळं अडलं ते तलाठी कार्यालयात, सामायिक सातबाऱ्यापाशी. त्याचा संताप अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ठाण्याचं बिऱ्हाड आवरून आम्ही गुहागरजवळच्या सासरच्या घरी कायमचे आलो, तेव्हा ज्याने त्याने भीती घातली ती सापांची. सापांशी जमलं. चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालायचा नाही, कारण फुरसं तिथेच बसतं आणि डिवचलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. रात्री बॅटरीशिवाय पडवीची पायरी उतरायची नाही. धामण दिसली तर जाऊ द्यायची, ती उंदीर खाते. लाल विंचवासाठी चप्पल झटकून घालायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय दाखवून दिल्यापासून विंचूदंशाने माणसं दगावण्याचं प्रमाण खूप कमी झालं, पण त्यासाठी वेळेत दवाखाना गाठावा लागतो. इतकं अंगवळणी पडलं की भीती उरत नाही.

माकडांचं मात्र काही केल्या जमेना. वानरं आंब्याचा मोहोर आणि कोवळी पालवी ओरबाडतात. लाल तोंडाची माकडं माडावर चढून शहाळी सोलतात, पाणी पितात आणि टाकून देतात. एका सकाळी आगरात, म्हणजे आमच्या माडांच्या बागेत, माडाखाली शहाळ्यांचा खच पडला होता. देठाकडची सालं दातांनी ओरबाडलेली, अंगठा जाईल एवढं भोक, आत खोबरं धरायच्या आधीची ओली साय तशीच. त्याच दिवशी कौलंही फुटली, पण पिकाच्या अर्जात कौलांचं काही मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज द्यायचा. आम्ही दुसऱ्याच दिवशी दिला. वनरक्षक आले, कृषी सहायक आले, तलाठी आले, माड मोजले, पंचनामा झाला. पडलेली शहाळी पंचनामा होईपर्यंत उचलू नका. शेजारच्या काकींनी झाडून एका कोपऱ्यात ढीग घातला होता, तर कुठल्या माडाचं किती हे सांगता येईना, त्यांचा अर्ज तिथेच ढिला पडला.

मग आला सातबारा. त्यावर नावं सासऱ्यांची, त्यांच्या भावांची आणि आत्यांची. त्यातले निम्मे वारलेले, वारसनोंद कुणीच केलेली नाही. तलाठी कार्यालयातल्या माणसाने उताऱ्यावरून बोट फिरवत प्रत्येक नाव वाचलं आणि म्हणाला, "या सगळ्यांची संमती आणा. वारले असतील त्यांच्या वारसांची आणा." बाग आम्ही राखतो, माडाला खत-पाणी आम्ही घालतो, नुकसान आमचं झालं, आणि संमती मात्र लालबाग, नालासोपारा आणि सुरतेला राहणाऱ्यांची. त्यांतल्या काहींनी हे आगर लहानपणानंतर पाहिलेलंही नाही.

बरं, संमती कशी आणायची हेही धड कुणी सांगेना. आधी म्हणाले साधं पत्र चालेल. पत्रं आणली तर म्हणाले प्रतिज्ञापत्र करा, तेही मुद्रांकावर. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. मी तसं सांगितलं तर ऐकून घेतलं नाही. पुढच्या खेपेला तो आदेश छापून नेला आणि टेबलावर ठेवला, तेव्हा साध्या कागदावर घेतलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी शोधून काढलं आणि त्याचा मला अभिमान आहे. मुद्रांकाचे पैसे घालू नका.

खरी कोंडी घरातच होती. चुलत दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, सही केली म्हणजे माझा हिस्सा गेला ना?" मी म्हटलं, "भाऊजी, हिस्सा कुठे जात नाही. भरपाईचे पैसे आमच्या खात्यात जमा करायला तुमची हरकत नाही, एवढंच लिहिलंय त्यात." पटलं नाही. फोनवर पटणार नव्हतंच. शेवटी शिमग्याला सगळे गावाला आले. पालखी घरी येऊन गेली, ओटी भरून झाली आणि मंडळी पडवीत चहाला बसली, तेव्हा मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. आत्तेंनी पहिली सही केली. मग भाऊजींनीही केली. नोटरीसाठी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी एकदमच नेलं. मुंबईकर परत जायच्या आत हे उरका, नाहीतर थेट गणपतीपर्यंत थांबावं लागेल.

ई-पीक पाहणीचं राहिलंच. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची असते. आमच्या उताऱ्यावर माडांची नोंदच नव्हती, नुसतं गवत होतं, आणि ते दुरुस्त करण्यात आणखी वेळ गेला. फोटो त्या गटात, म्हणजे त्या जमिनीतच, उभं राहून काढावा लागतो आणि आगरात रेंज नसते. हे काम नुकसान व्हायच्या आधीच करून ठेवा.

पैसे खात्यात आले. झालेल्या नुकसानीच्या मानाने कमीच, पण ज्या दिवशी आले त्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन थेट तहसीलमध्ये गेले आणि वारसनोंदीसाठी काय काय लागतं ते विचारून आले. तिथेही मृत्यूचे दाखले मागतात, तेव्हा जुन्या ट्रंका आत्ताच उघडून बघा. आणि कुठल्याही टेबलावर कागद दिला की आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. माझं संमतीपत्रांचं पहिलं बाड त्या कार्यालयात गहाळ झालं, तेव्हा ते दिल्याचा पुरावा म्हणून माझ्या हातात तो शिक्काच होता.