खुंटीवरची पिशवी

घराबाहेर पडताना दाराशेजारच्या खुंटीवरची किल्ली काढायची आणि तिच्यामागे टांगलेली कापडी पिशवी काखेत मारायची, हे माझ्या इतके अंगवळणी पडले आहे की पिशवी घेतली की नाही, हे मला बहुधा रस्त्यावर आल्यावर चाचपूनच कळते. ही पिशवी म्हणजे आपल्या पर्यावरणप्रेमाची साक्ष, अशी माझी बरेच दिवस प्रामाणिक समजूत होती. मध्यंतरी भिंतीला रंग द्यायचा म्हणून खुंटी काढली, किल्ली टेबलाच्या खणात गेली, पिशवी कपाटात गेली, आणि पुढचे तीन आठवडे मी दर खेपेला प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन परतलो. पृथ्वीविषयीची माझी कळकळ या काळात तसूभरही कमी झालेली नव्हती. भिंतीवर खुंटी तेवढी नव्हती.

मानसशास्त्रात सवयीची फोड जवळपास अशीच करतात. एखादी कृती ठरावीक जागी, ठरावीक खुणेपाठोपाठ वारंवार घडत गेली की पुढे ती खूणच कृतीला हाक मारते आणि मनाला दर वेळी नव्याने कौल लावावा लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय मुरायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका कमीजास्त निघाला. मात्र एखाद्या दिवशी खंड पडल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. चौथ्या दिवशी संकल्प मोडणाऱ्या माझ्यासारख्याला हा केवढा दिलासा!

दात घासताना ब्रश तोंडात गेला की माझा डावा हात आपसूक नळ बंद करतो. बेताच्या धारेचा नळही मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी सहज सोडतो, हा हिशेब मला ठाऊक आहे. पण त्या वेळी मी अर्धवट झोपेत असतो आणि हिशेब करण्याच्या अवस्थेत मुळीच नसतो. तो कधीकाळी एकदा केला होता, आता हातालाच तो पाठ आहे.

अर्थात, हाताला डोळे नसतात. खोलीतून बाहेर पडताना दिवा आणि पंखा बंद करायची सवय मी मोठ्या निग्रहाने लावून घेतली, आणि ती आता इतकी पक्की झाली आहे की आठवड्यातून एकदा तरी माझ्या पाठीमागच्या काळोखातून आवाज येतो, “अहो, मी वाचत बसलेय इथे!”