मैदानावर टेपने मोजलेली तरंगलांबी: माझा अनुभव

दोन उगमांपासूनच्या अंतरांतील फरक, म्हणजेच मार्गांतर, तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल तर तेथे रचनात्मक व्यतिकरण होते, म्हणजे दोन तरंग एकमेकांना बळ देतात, हा नियम बारावीला असलेल्या माझ्या मुलीला पाठ होता. तो तिला कानाने ऐकता यावा आणि टेपने मोजता यावा, अशी माझी मनापासून इच्छा होती. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. ध्वनीची मात्र हातभर असू शकते, आणि म्हणूनच हा प्रयोग घरच्या साधनांनी करता येतो.

पुण्यातील बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांतून आम्ही एकसारखे दोन लहान स्पीकर आणि एक अॅम्प्लिफायर आणला. दोन्ही स्पीकरना एकाच ठिकाणाहून तोच सूर मिळणे अत्यावश्यक असते, कारण दोन वेगळ्या मोबाइलवरून सूर वाजवल्यास वारंवारतेत सूक्ष्म फरक राहतो आणि मोठ्या-लहान आवाजाच्या जागा स्थिर न राहता सरकत राहतात. लाल-काळ्या वायरही दोन्हीकडे सारख्याच जोडाव्या लागतात. एकीकडे त्या उलट झाल्या, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि नेमका मधला भाग शांत होतो. खोलीत भिंतींवरून आणि गच्चीत कठड्यावरून आवाज परतून येतो व मूळ तरंगांत मिसळतो, म्हणून आम्ही सहकारनगरमधले एक मोकळे मैदान निवडले आणि रहदारी सुरू होण्यापूर्वी तेथे पोहोचलो.

स्पीकर दीड मीटर अंतरावर ठेवले आणि त्यांच्यापासून सहा मीटरवर, त्यांना समांतर अशी चुन्याची रेघ आखली. सूर ८५० हर्ट्‌झचा ठेवला. २०० हर्ट्‌झच्या सुराची तरंगलांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे स्पीकरमधील अंतराहूनही जास्त असते, त्यामुळे मध्याच्या बाजूला मोठ्या आवाजाची दुसरी जागा तयारच होत नाही. फार उंच सुराचे पट्टे इतके अरुंद होतात की एक कान मोठ्या आवाजात, तर दुसरा शांततेत सापडतो. आम्हीही एका कानात बोट घालूनच चाललो.

मध्यभागी सूर भरदार होता. तेथून बाजूला सरकत गेल्यावर तो उतरत गेला आणि सुमारे ८३ सेंटिमीटरवर अगदी क्षीण झाला. तेथे मुलीला उभे करून मी एक स्पीकर बंद केला, तर आवाज कमी होण्याऐवजी वाढला! या प्रयोगातला सर्वांत मोलाचा क्षण मी हाच मानतो, कारण एका स्पीकरचे संपीडन (हवेची दाटी) दुसऱ्याच्या विरलनावर (हवेच्या विरळपणावर) येऊन पडत होते, हे त्याहून स्पष्टपणे दाखवता येत नाही. पुढे एक मीटर ७० सेंटिमीटरच्या सुमारास सूर पुन्हा भरदार झाला. त्या खुणेपासून दूरचा स्पीकर सहा मीटर ४८ सेंटिमीटरवर आणि जवळचा सहा मीटर सात सेंटिमीटरवर भरला, म्हणजे फरक ४१ सेंटिमीटर. हवेचे तापमान २५ अंश होते. त्या तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो आणि त्याला ८५० ने भागले की ४१ सेंटिमीटरच येतात.

मध्यभागी तीव्रता एका स्पीकरच्या चौपट होते, असे मी म्हणताच तिने विचारले, “बाबा, स्पीकर दुप्पट केले, तर तीव्रता चौपट कशी होईल? जास्तीची ऊर्जा आली कुठून?” हा तिचा प्रश्न मला फार आवडला. आयाम, म्हणजे तरंगाच्या कंपनाची उंची, दुप्पट झाला की तीव्रता चौपट होते, म्हणजे सहा डेसिबलने वाढते. मोबाइलवरील मापनातही मध्यभागी पाचहून थोडी अधिक डेसिबलची वाढ दिसली. पण ही ऊर्जा नव्याने निर्माण झालेली नसते. शांत पट्ट्यांत जी कमी पडते, तीच भरदार पट्ट्यांत जास्त मिळते, आणि सगळीकडची सरासरी काढली की ती दोन स्पीकरांच्या बेरजेइतकीच भरते.

निघण्यापूर्वी तिने शांत जागेवरच उभे राहून वारंवारता १७०० हर्ट्‌झ करायला सांगितली. तेथील मार्गांतर होते सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे आधीच्या सुराची अर्धी तरंगलांबी. नव्या सुरासाठी मात्र तेच अंतर पूर्ण तरंगलांबीइतके झाले, आणि त्याच जागी सूर खणखणीत ऐकू आला.