संत्र्याची साल आणि तापलेलं तेल

शनिवार, फेब्रुवारी

आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, शनिवार असतो. त्यामुळे आज घरात अंडं फुटणार नव्हतं. लेकीला मात्र डोनटच हवे होते, तेही आत्ताच्या आत्ता. यीस्टचे रीतसर करायचे तर पीठ फुगायला तास-दीड तास, आकार दिल्यावर परत थोडा वेळ. चारला मागितलेलं सातला मिळालं तर मुलं खातात, पण तोंड वाकडं करून. म्हणून बेकिंग पावडरचे, नुसते तेलात सोडायचे गोळे करायचं ठरवलं. भोक नसलेले डोनट म्हणा नाहीतर मैद्याचे गुलगुले, मला दोन्ही चालतं.

घरात संत्री होती. गाडीवाल्याने ‘नागपुरी’ म्हणून दिलेली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मुंबईतल्या गाडीवर आलेलं प्रत्येक संत्रं जन्मजात नागपुरीच असतं. असो. फेब्रुवारी-मार्च हा मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या फळांचा काळ, तेव्हा यावेळी त्याचं म्हणणं खरं असायला हरकत नाही. वास तरी अस्सल होता.

या पदार्थात लोक हमखास रस ओततात आणि मग ‘संत्र्याची चव लागतच नाही’ म्हणून कुरकुरतात. लागणार कशी? तळणीत रसाचा थोडा आंबटगोडपणा तेवढा मागे राहतो. खरा स्वाद सालीत. लहानपणी साल दुमडून भावंडांच्या डोळ्यांत चिळकांडी उडवायचो ना, तोच. सालीवरच्या बारीक बारीक ठिपक्यांत तेल भरलेलं असतं आणि त्यात मुख्यतः लिमोनीन नावाचं सुवासिक द्रव्य. ते पाण्यात विरघळत नाही, तुपातेलात विरघळतं. म्हणून साल किसायची, साखरेत घालायची आणि बोटांनी चोळायची. साखरेचे कण ठिपके फोडतात. दोन-तीन मिनिटांत साखर ओल्या वाळूसारखी होते, किंचित केशरी दिसते आणि स्वयंपाकघरच काय, बाहेरचा पॅसेजही दरवळतो. रस घातला नाही तरी चालेल, पण हे चोळणं टाळू नये.

नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, त्यामुळे किसणीवर ती दबते आणि हातातून सटकते. फळ न सोलता घट्ट धरायचं आणि हलक्या हाताने एकेक बाजू किसायची. किनू जातीच्या संत्र्याची साल अंगाला चिकटलेली असते, ते किसायला सोपं. केशरी थर संपून पांढरं दिसलं की थांबायचं, तो पांढरा भाग कडू. चकाकणारं परदेशी संत्रं असेल तर त्यावर मेणाचा थर असतो. गरम पाण्याने नीट चोळून धुवावं. मी एका लिंबाची सालही घालते. नुसतं संत्रं तळल्यावर जरा गोडमिट्ट लागतं, लिंबाने त्याला धार येते.

प्रमाण अगदी साधं. दोन वाट्या मैदा, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, अर्धी वाटी साखर दोन संत्र्यांची साल चोळलेली, अर्धी वाटी घट्ट दही, चमचाभर पातळ तूप आणि लागेल तसा रस. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट हवं, चमच्यावरून घरंगळून पडेल इतपत. फेटत बसायचं नाही, नाहीतर मैद्याला चिवटपणा येतो आणि गोळे चावत बसावं लागतं. आणि कढई आधी तापत ठेवायची, दही-रस मैद्यात अगदी शेवटी. आंबट भेटलं की बेकिंग पावडर लगेच कामाला लागते; बुडबुडे आपल्या सवडीची वाट बघत नाहीत.

तेल सूर्यफुलाचं. आमच्याकडे एरवी शेंगदाण्याचंच, पण त्याचा स्वतःचा वास इतका असतो की संत्रं बिचारं बाजूला पडतं.

पहिला घाणा मी चमच्याने सोडत होते. गोळ्यांना शेपट्या फुटत होत्या, एक तर थेट पालीच्या आकाराचा झाला आणि लेकीने तो आधी स्वतःसाठी राखून ठेवला. तेवढ्यात शेजारच्या आंटी आमचा डबा परत द्यायला आल्या. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, माहेर गोराईचं. दोन मिनिटं बघत राहिल्या, मग राहवेना. “अगं, चमचा कशाला? हाताने सोड. सरक बघू.”

हात ओला केला, पीठ तळव्यात घेतलं आणि मूठ आवळली. अंगठा आणि तर्जनीच्या मधून वर एक गुळगुळीत गोल फुगा आला. दुसऱ्या हातातल्या ओल्या चमच्याने तो अलगद खुडला आणि तेलात. परत मूठ, परत फुगा. शेपटी नाही, टोक नाही. त्यांच्याकडे लग्नाच्या जेवणात विंदालूबरोबर फुगे असतात, ते असेच मुठीतून काढतात. त्यांच्या पिठात अंडं, नारळाचं दूध आणि यीस्ट. पूर्वी यीस्टऐवजी ताडी घालायचे. गोल सोडले की आणखी एक सोय होते: एक बाजू भाजून हलकी झाली की बरेचसे गोळे आपणहून उलटतात. झाऱ्याला फक्त उरलेल्या आळशांना ढोसायचं काम.

आई दारातून सगळं बघत होत्या. ‘नारळाचं दूध’पर्यंत ठीक होतं, पण अंड्याचं नाव ऐकल्यावर पुढे येऊन पातेल्यात डोकावल्याच.

“यात नाही ना गं?”

“नाही हो आई, दही आहे.”

“मग मैद्याऐवजी कणीक आणि गूळ घालायचास की. आमच्या गुलगुल्यांना कसला खमंग वास यायचा!”

खमंग यायचा, मान्य. पण गुळापुढे संत्र्याच्या सालीचं काही चालत नाही. हे मी मनातच म्हटलं.

आच मध्यम हवी. थर्मामीटर असेल तर १७० ते १७५ अंश. नसेल तर पिठाचा थेंब टाकायचा, तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत सावकाश वर आला पाहिजे. पिठात साखर आहे, त्यामुळे तेल कडक झालं तर वरून तपकिरी आणि आतून कच्चं. थंड असेल तर गोळे तेल पितात. आकार छोट्या लिंबाहून मोठा नको.

उष्णतेने सालीचा बराच वास उडून जातो, म्हणून चोळलेली थोडी साखर मी आधीच बाजूला काढते. गोळे निथळले, हाताला सोसतील इतके झाले की त्यात घोळवायचे. फार गरम असले तर साखर विरघळते, गार झाले तर चिकटतच नाही. डोनटवर असतो तसा पिठीसाखरेचा गुळगुळीत थर मी मुंबईत देत नाही. इथल्या दमट हवेत तो तासाभरात चिकचिकतो आणि मग मुलांची बोटं, सोफा, रिमोट सगळंच गोड होतं.

दुसऱ्या दिवसासाठी काही ठेवायचं नव्हतंच, बेकिंग पावडरचं तळण सकाळी वातड होतं. पण ठेवायला उरलंही नाही. आईंनी कणीक-गुळाची आठवण काढत काढत चांगले पाच-सहा संपवले.

आंटींनी उद्या सकाळी त्यांच्याकडे बोलावलंय. अंडं, नारळाचं दूध, सगळं घालून खरे फुगे शिकवणार आहेत. मी विचारलं, त्यात संत्र्याची साल घालून बघू या का? “छे! फुग्यात संत्रं? माझी आई उठून येईल,” म्हणाल्या. साखरेची छोटी बाटली चोळून भरून ठेवली आहे. त्यांनी पाठ फिरवली की बघते.